तिखटाचा चेहरा

“चव कशी आहे?” कुरामोची सेन्सेईंनी विचारलं.

तोकिएच्या तोंडात पहिला घास होता. उत्तर तिने घरीच तयार करून आणलं होतं. आधी सोयाचा खारटपणा, मग तिळाचा स्निग्धपणा, शेवटी व्हिनेगरची बारीक आंबट किनार. आपल्या जुन्या वह्यांमधल्या चवींच्या ओळी जुळवून तिने ते पाठ केलं होतं. गेली दोन वर्षं ती हेच करत आली होती.

ती बोलायला गेली आणि ओठांनी साथ दिली नाही. जिभेच्या शेंड्याला चटका बसला होता. तो सरकत सरकत टाळूला भिडला, आणि त्याच्या मागोमाग ओठांना मुंग्या आल्या, खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पायाला येतात तशा. दोन वर्षांत तिच्या तोंडात काहीही घडलं नव्हतं. आज घडत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही तिला सुचेना.

“तिखट आहे,” ती एवढंच म्हणाली.

“ते दिसतंच आहे.” सेन्सेईंनी काड्यांनी दोन-तीन नूडल्स उचलल्या, तोंडापर्यंत नेल्या, आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परत वाटीत सोडल्या. “पुढे सांगा. लिहून घेतो.”

दुकान तोक्योच्या नेरिमा भागातलं, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. सहा खुर्च्या आणि एक ओटा. मालकीण लुओबाई मूळच्या सिचुआनमधल्या ज़िगोंगच्या, पण तोक्योत तीस वर्षं काढलेल्या. त्या ओट्यावर कोपर टेकून तोकिएकडे बघत होत्या.

“का हो ताई, रडताय की घाम पुसताय?”

“दोन्ही,” तोकिए म्हणाली.

“मग बरोबर झालंय. इथली माणसं मला शिकवतात, बाई, रस्सा घाला, तीळ वाढवा. अहो, आमच्याकडे हे कावडीवर विकायचे. एका पारड्यात चूल, दुसऱ्यात वाट्या. रस्सा हिंदकळत कोण डोंगर चढणार? म्हणून हे कोरडं. खाली तेल, वर खिमा, आणि हे तिरफळ.” त्यांनी चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन दाखवले. “आणि तिखट म्हणजे चव नव्हे हं. मार आहे तो. जीभ मेलेल्यालाही लागतो. मास्तर, तुम्ही का खात नाही? घाबरलात की काय?”

“आधी चित्र, मग जेवण,” सेन्सेई हसून म्हणाले. वाटी मात्र त्यांनी तशीच ठेवली.

तोकिए मिनेगिशी सव्वीस वर्षं चित्रकार कुरामोचींकडे, सगळ्यांच्या सेन्सेईंकडे म्हणजे गुरुजींकडे, नोकरीला होती. त्यांची चित्रकथा दर पंधरवड्याला मासिकात यायची. सानाए नावाची मुलगी गावोगाव फिरते, कुणाच्यातरी स्वयंपाकघरात शिरते, रांधते, आणि खाणाऱ्याच्या आयुष्यातली एखादी गाठ सुटते, एवढंच कथानक. कथा आणि माणसं सेन्सेई काढायचे. अन्न तोकिए काढायची. भाताची वाफ, तळणीचे बुडबुडे, चिरलेल्या कांद्याच्या कडा, सगळं काळ्या शाईत. मुखपृष्ठावर नाव एकच असायचं, आणि ते तिला कधी टोचलंही नव्हतं. वाचक लिहायचे, सेन्सेई, तुमचं पान बघून तोंडाला पाणी सुटलं. ती पत्रं सेन्सेई तिच्या टेबलावर आणून ठेवायचे, न बोलता.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला, आणि नाकामागून चव गेली. नासलेलं दूध तिने ग्लासभर पिऊन टाकलं आणि पोट बिघडल्यावर तिला कळलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ती वाट बघत राहिली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, अन्न काढण्यापलीकडे दुसरं काही न येणाऱ्या बाईने, मला चव कळत नाही हे कुणाला सांगायचं? तिने सांगितलं नाही. खाताना ती सेन्सेईंच्या तोंडाकडे बघायची. त्यांची भुवई वर गेली की आंबट, डोळे मिटले की गोड, आणि बाकीचं जुन्या वहीतून.

चार दिवसांनी सेन्सेईंनी पानं पुढ्यात ठेवली. शेवटच्या पानावर एकच मोठी चौकट होती: सानाए त्या नूडल्स खाते. तिच्या केसांमधून ज्वाळा निघत होत्या, मागे एक ड्रॅगन वेटोळं घालून आग ओकत होता, तोंड आ वासलेलं. या धंद्यात तिखट असंच काढतात. पन्नास वर्षं सगळे असंच काढत आलेत आणि वाचकांना ते आवडतं.

“ड्रॅगनच्या खवल्यांचं काम तुमच्याकडे,” सेन्सेई म्हणाले.

तोकिएने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

“सेन्सेई, ज्वाळा नकोत.”

सव्वीस वर्षांत तिने त्यांच्या माणसांच्या चौकटीबद्दल एक शब्द काढला नव्हता. त्यांनी चष्मा वर केला. “म्हणजे?”

“तसं होत नाही. आग बाहेर येत नाही. ती आतच असते, आणि मग सगळं सुन्न होतं. सुन्न झाल्यावर जे होतं ते...” तिला शब्द सापडेना. “ते यात नाही.”

“तुम्हाला बरं कळलं एवढं.”

“कारण मला तेवढंच कळलं.” आणि मग तिने सांगून टाकलं. ताप, दूध, वह्या, त्यांच्या भुवया. सगळं सांगताना ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. आता ते उठतील आणि म्हणतील, उद्यापासून येऊ नका, हे तिने गृहीतच धरलं होतं.

मग सेन्सेई हसायला लागले.

“माझ्या तोंडाकडे बघत होता तुम्ही?”

“हो.”

“मिनेगिशीबाई, मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो.”

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं, हे तिला ठाऊक होतं. ती फळं घेऊन भेटायलाही गेली होती. ते कशाचं होतं आणि त्यानंतर कसली औषधं चालू होती, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात त्यांचीही चव गेली. पाणी लोखंडासारखं लागायचं, भात कागदासारखा. या वसंतात दुखणं परत उलटलं, आणि आता तोंडात फोड होते, म्हणून घास तोंडापर्यंत नेऊन परत ठेवायचा.

“दोन वर्षं,” ते म्हणाले, “आंधळ्याने आंधळ्याचा हात धरून लोकांना रस्ता दाखवला. आणि लोक म्हणाले, वा, काय देखावा आहे.”

तोकिएला हसू आलं नाही. ती म्हणाली, “डॉक्टर काय म्हणतात?”

“डॉक्टर म्हणतात, उन्हाळा बघाल. शरद ऋतूबद्दल ते बोलत नाहीत.” त्यांनी ड्रॅगनचं पान उलटं करून ठेवलं. “हा चेहरा तुम्ही काढा.”

“मी चेहरे काढत नाही.”

“मलाही आता येत नाही. बघितलात ना, ड्रॅगन काढला.”

तिने तीन दिवस प्रयत्न केला. लुओबाईंकडून डबा आणला, आरशासमोर बसून खाल्लं, स्वतःचं तोंड काढलं. प्रत्येक वेळी मिरची लागलेल्या बाईचं चित्र झालं, त्यापलीकडे काही नाही. चौथ्या दिवशी दुपारी सेन्सेई तिच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले.

“वाटी इकडे द्या.”

“तुमच्या तोंडात फोड आहेत.”

“फोड माझे आहेत. तुम्ही पेन धरा.”

त्यांनी घास घेतला. तोकिएने खूप माणसं खाताना बघितली होती, पण एवढा त्रास घेऊन खाणारं कुणी बघितलं नव्हतं. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. हात टेबलाच्या कडेला घट्ट आवळला गेला. ती उठायला लागली, तर त्यांनी डोळ्यांनीच तिला खाली बसवलं. एक मिनिट गेलं असेल. मग काहीतरी बदललं. आधी खांदे उतरले. मग कपाळ सैल झालं. त्यांनी जीभ गालातून फिरवली, फोडांवरून, सावकाश, दुखणारा दात चाचपावा तशी.

“थांबलं,” ते म्हणाले.

“काय?”

“दुखायचं. एप्रिलपासून पहिल्यांदा.” त्यांचा उच्चार बोबडा येत होता. “बधीर झालं सगळं. मिनेगिशीबाई, मला भूक लागलीय.”

त्यांनी अर्धी वाटी खाल्ली. घाईघाईने, बधिरपणा उतरायच्या आत, हनुवटीवर तेल ओघळू देत. तोकिए काढत राहिली. केस सानाएचे होते, गळ्यातला रुमाल सानाएचा होता. पण खाली पडलेले खांदे, अर्धवट मिटलेले डोळे, आणि दुखणं थांबल्यावर माणूस जसा स्वतःच्याच आत कान देऊन बसतो ते बसणं, हे समोरचं होतं. मागे तिने काहीच काढलं नाही. चौकट पांढरी सोडली.

शाई वाळल्यावर सेन्सेईंनी पान हातात घेतलं आणि खिडकीशी नेलं. “हं,” ते म्हणाले. आंबट की गोड, तिला कळलं नाही.

त्यांनी संपादकांना फोन केला. संपादक निवा, चाळिशीचा सरळ माणूस. त्याने येऊन पान बघितलं आणि मान खाजवली. “सेन्सेई, थोडं शांत नाही का वाटत? वाचकाला धक्का हवा असतो.”

“हेच छापा,” सेन्सेई म्हणाले. “आणि नाव दोघांचं टाका.”

“मधेच नाव बदलता येत नाही हो. वरच्यांना विचारावं लागतं, करार असतो.”

“मग विचारा.”

निवाने विचारलं असेल किंवा नसेल. अंक जुलैमध्ये आला तेव्हा नाव एकच होतं. सेन्सेईंनी तो तोकिएच्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, “माझ्याच्याने झालं नाही.” तिने मान हलवली. पत्रं नेहमीपेक्षा जास्त आली. एका माणसाने लिहिलं होतं की बायको गेल्यापासून तो जेवायचं म्हणून जेवत होता, हे पान बघून तो उठला आणि त्याने स्वतःसाठी नूडल्स उकळल्या. दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, सानाए खातेय की मरतेय तेच कळत नाही, आमची जुनी सानाए परत द्या.

तोकिए रोज डबा आणायला लागली. लुओबाईंना तिने कारण सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्या तिखट कमी, तिरफळ जास्त घालून देऊ लागल्या. पण पहिल्या दिवसासारखं परत झालं नाही. दुसऱ्या वेळी सेन्सेईंनी चार घास खाल्ले आणि सगळं उलटून पडलं. तिसऱ्या वेळी वासानेच त्यांनी तोंड फिरवलं. ऑगस्टमध्ये त्यांना दवाखान्यात हलवलं, तिथे बाहेरचं काही चालत नव्हतं. तोकिए तिरफळाचे दोन दाणे कागदाच्या पुडीत घालून न्यायची आणि नर्स बाहेर गेली की त्यांच्या ओठांमध्ये ठेवायची. कधी ते डोळे मिटून पडून राहायचे. कधी थुंकून टाकायचे. मालिका थांबली. ड्रॅगनचं पान तिने फाडलं नाही, इतर पानांबरोबर खोक्यात घालून प्रकाशकाकडे पाठवून दिलं.

ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेले, सकाळी अकराच्या सुमारास, उकाडा संपून आकाश उंच झालं होतं तेव्हा. बायको फार पूर्वीच वेगळी झाली होती, मूलबाळ नव्हतं. अकिताहून धाकटी बहीण आली, फुमिए नावाची, सत्तरीला टेकलेली, ठेंगणी, हातांना कंप असलेली.

दहन झाल्यावर सगळ्यांना आतल्या खोलीत बोलावलं. पत्र्याच्या ट्रेवर अस्थी पायांपासून डोक्यापर्यंत मांडलेल्या होत्या. दोघादोघांनी काड्यांनी एक-एक हाड मिळून उचलायचं आणि कलशात ठेवायचं. जेवताना दोघांनी एकच घास काड्यांनी धरू नये, असं या देशात प्रत्येक मुलाला दटावून शिकवतात, ते याचमुळे. निवाने एक उचललं, प्रकाशकाकडच्या दोघांनी एक. तोकिए भिंतीला लागून उभी होती. ती नात्यातली नव्हती.

“मिनेगिशी तुम्हीच ना?” फुमिएने वळून विचारलं.

“हो.”

“जुलैचा अंक दादाने पाठवला होता. एरवी कधी पाठवायचा नाही.” ती हलक्या आवाजात बोलत होती. “ती मुलगी खाते ना, शेवटच्या पानावर. लहानपणी ताप उतरला की दादा अस्साच दिसायचा. आई त्याला पेज भरवायची तेव्हा. मी बघितलंय ते. त्याला स्वतःला कसं माहीत असणार, तो कसा दिसायचा?”

दहनगृहातल्या माणसाने शेवटचं हाड दाखवलं. गळ्यातलं, मानेच्या अगदी वरचं, हात जोडून बसलेल्या बुद्धाच्या आकाराचं. ते सर्वांत जवळच्यांनी उचलायचं असतं. चांगलं शाबूत राहिलंय, तो माणूस नम्रपणे म्हणाला.

“या,” फुमिए म्हणाली. “दुसऱ्या बाजूने तुम्ही धरा.”

तोकिए पुढे गेली आणि काड्या घेतल्या. दोघींनी ते दोन बाजूंनी धरलं. म्हातारीचा हात थरथरत होता. तोकिएचा थरथरत नव्हता, तो कधीच थरथरला नव्हता. तिने तो म्हातारीच्या हातापुरता सैल सोडला, आणि ती जेवढ्या सावकाश नेत होती, तेवढ्याच सावकाश नेला.