फर्डिनंड सरांची नम्रता

फर्डिनंड मच्याडो शिबिराला गेले तेव्हा साधे हेडमास्तर होते. परत आले ते नम्र होऊन.

ही एकोणऐंशी सालची गोष्ट. होळी नावाच्या बाजाराच्या पुढे, केळीच्या वाड्यांना लागून आमची चर्चची शाळा होती आणि मी तिथे गणित शिकवायचे. सर तसे वाईट नव्हते. छडी कमी मारायचे, भाषण जास्त करायचे. वांद्र्याच्या त्या शिबिरात कुणीतरी त्यांना सांगितलं की जो पुढारी तो सेवक, प्रभू येशूनं स्वतः शिष्यांचे पाय धुतले. आम्ही दर पवित्र गुरुवारी देवळात ते बघतच वाढलो होतो. पण सरांना ते नव्यानं कळलं होतं, आणि ज्याला देव नव्यानं कळतो त्याच्यापासून जुन्या भाविकांना देवच वाचवो.

सोमवारी त्यांनी आम्हा शिक्षकांना ऑफिसात बोलावलं. त्यांची शिसवी खुर्ची गायब होती आणि सर एका बुटक्या स्टुलावर बसले होते, गुडघे पार छातीपाशी.

"आजपासून मी खुर्चीवर बसणार नाही," ते म्हणाले. "सेवकाला खुर्ची कशाला?"

आम्ही समोरच्या खुर्च्यांवर बसलो होतो. आता हेडमास्तर खाली आणि आपण वर, हे कसं दिसतं? एकेक जण उठायला लागला. सर हात जोडून म्हणाले, "मी कुणाला सांगत नाही हं. ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं." सगळ्यांच्या मनांनी एकच उत्तर दिलं. आम्ही सतरंजीवर उतरलो.

उरली फक्त मटिल्डा फुर्ट्याडो. ती आमची उपमुख्याध्यापिका. शाळा कौलारू होती तेव्हापासून तिथे होती. आवाज मोठा, जीभ तिखट. तिनं खुर्ची सोडली नाही.

"मटिल्डा टीचर, तुमचं मन काय म्हणतं?" सरांनी गोड आवाजात विचारलं.

"म्हणतं, पंधरा मिनिटांत दहावीचा तास आहे. विषय काय तो बोला."

आठवडाभरात स्टाफरूममधल्या खुर्च्या कोठीत गेल्या, मग वर्गांतल्या शिक्षकांच्याही. कोठीला कुलूप लागलं. सर कुणावरही सक्ती करत नव्हते, फक्त किल्ली त्यांच्या खिशात होती.

जूचंद्रचे रामनाथ मास्तर इतिहास शिकवायचे. गुडघे पार गेलेले. ते म्हणाले, "सर, जमिनीवर बसनं आम्हाला नवीन नाय. पन उठवायला मानूस लागतो." सरांनी त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, डोळे मिटले आणि त्यांच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. गुडघे होते तसेच राहिले. मास्तर दिवसभर भिंतीला टेकून शिकवायला लागले.

गावात मात्र सरांचं नाव झालं. रविवारी देवळात मिस्सा संपली की बायका एकमेकींना सांगायच्या, "हेडमास्तर असून स्टुलावर बसतात गो!" बाहेरून पाहुणे यायचे, स्टूल बघायचे, डोळे पुसायचे. सरांनाही डोळे पुसता यायला लागले. एका पाहुण्यानं तर ते स्टूल हात लावून बघितलं. मी चहा घेऊन उभी होते. हसू दाबता दाबता बशीत चहा सांडला.

आमची क्लारा तेव्हा सातव्या महिन्यात होती. ती आठवीला विज्ञान शिकवायची. ओळीनं चार तास उभं राहून तिचे पाय सुजायचे, चपलेचे पट्टे कातड्यात रुतायचे. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती सरांकडे गेली. मी आणि मटिल्डा तिथेच होतो.

"सर, मला तेवढी एक खुर्ची द्याल का? बाळंतपणापर्यंत."

सर स्टुलावरून उठले. आवाज इतका हळू केला की ऐकायला वाकावं लागलं. "क्लारा, पवित्र मरियाही अशाच अवस्थेत होती. बेथलेहेमपर्यंत गेली. तिनं कधी तक्रार केली?"

"तिला गाढव मिळालं होतं," मटिल्डा म्हणाली. "आमच्याकडे आहे, पण ते बसू देत नाही."

सरांचे कान लाल झाले. पण नम्र माणसाला रागावता येत नाही, ही त्यांची मोठीच अडचण होती. ते हसले, आणि खुर्ची दिली नाही.

त्याच आठवड्यात क्लारा फळ्याशी कोसळली. खडू हातातच होता. मुलींच्या किंकाळ्या ऐकून आम्ही धावलो. शुद्ध आली, पोटालाही लागलं नव्हतं, पण ओठ पांढरे पडले होते आणि टेकवायचं कुठे तर फरशीवर. मटिल्डानं तिचं डोकं माझ्या मांडीवर दिलं, अंगणातून दगड उचलला आणि कोठीचं कुलूप फोडलं. तीन घावांत कडी निखळली. मग तिचा आवाज शाळाभर फिरला, "दहावीची मुलं, इकडे या! प्रत्येक वर्गात एक खुर्ची. पहिली क्लारा टीचरला."

सर आले तेव्हा मटिल्डाच्या हातात दगड होता. त्यांनी हात जोडले. "मटिल्डा टीचर, मी तुम्हाला क्षमा करतो."

"मी मागितली कुठे? बाजूला व्हा, खुर्ची लागेल."

आम्हाला वाटलं, विषय मिटला. पण नम्रतेचा अपमान झाला की ती किती लांबवर जाते ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळच्या प्रार्थनेला सगळी शाळा मैदानात उभी होती. सर पायऱ्या उतरून खाली आले, मटिल्डासमोर गेले आणि धुळीत दोन्ही गुडघे टेकून म्हणाले, "माझ्याकडून काही चुकलं असेल तर या मुलांदेखत मला क्षमा करा!"

पाचवीची दोनतीन मुलं रडायला लागली. मला मनापासून चीड आली. ज्याच्यापुढे असा माणूस गुडघे टेकतो तो उभ्या उभ्याच राक्षस ठरतो. तिनं क्षमा केली तर ती मोठेपणा मिरवणारी, नाही केली तर पाषाण. काल एक बाई फरशीवर पडली होती, तिच्याबद्दल एक शब्द नाही. आज सगळ्यांची नजर सरांच्या गुडघ्यांवर.

मटिल्डानं घड्याळ बघितलं.

"उठा सर, पँट मळते," ती म्हणाली. मग मुलांकडे वळली. "काय बघता? पहिली घंटा झाली. पाचवीपासून ओळीनं चला. रडणाऱ्यांनी नाक पुसा."

मुलं चालायला लागली. वर्गांमागून वर्ग सरांना वळसा घालून गेले, त्यांच्यामागून आम्ही. सर तसेच होते, मान खाली घालून. मी जिन्यावरून वळून पाहिलं. शेवटची ओळ आत गेली, बघायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते उठले आणि गुडघे झटकून ऑफिसात गेले.

शाळेचे व्यवस्थापक फादर प्लासिड होते, म्हातारे आणि भांडणाला भिणारे. सरांनी त्यांच्याकडे "दुःखी अंतःकरणानं" तक्रार नेली. फादरनी मटिल्डाला बोलावलं आणि कुलूप का फोडलं ते विचारलं. तिनं सांगितलं. फादर म्हणाले, "खुर्च्या राहू देत. पण जरा नमतं घ्यायला शिक, मटिल्डा." मटिल्डा मला हे सांगताना हसली नाही. त्या दिवशी प्रथमच ती मला थकलेली दिसली.

पुढच्या वर्षी सरांना मुंबईच्या एका मोठ्या शाळेनं बोलावलं. शिवाय शिबिरांमध्ये नम्रतेवर व्याख्यानं द्यायचं काम मिळालं. निरोपाला मंडप घातला, हार आले, सर रडले. भाषणात त्यांनी "आज इथे हजर नसलेल्यांनाही" क्षमा केली.

हजर नव्हती ती मटिल्डा. नववीतली बेटी शाळेत यायची बंद झाली होती म्हणून ती पाचूबंदरच्या कोळीवाड्यात गेली होती. संध्याकाळी भेटली तेव्हा तिच्या लुगड्याला मासळीचा वास येत होता. बेटीची आई आधी बोलायलाच तयार नव्हती. "हात रिकामे नाय, टीचर. बोंबील कोन वालवील?" एवढंच म्हणायची. मग मटिल्डाही तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि बोंबील वाळत लावायला लागली. दुपारभर दोघी भांडत होत्या. शेवटी पोरीनं सकाळी बोंबील लावून शाळेत यायचं असं ठरलं.

"निरोप समारंभ कसा झाला?" तिनं मला विचारलं.

"तुला क्षमा मिळाली," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली आणि हात धुवायला नळावर गेली.

गावात आजही कुणाला विचारा, फर्डिनंड सरांसारखा नम्र हेडमास्तर झाला नाही म्हणतात, आणि त्यांच्यानंतर मुख्याध्यापिका झालेली मटिल्डा टीचर फार ताठ होती म्हणतात. मी पूर्वी वाद घालायचे, आता घालत नाही. मला निरोपाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. बेटी उशिरा, धापा टाकत वर्गात आली तेव्हा मी दारातच होते. मटिल्डानं तिला आत घेतलं, बाकावर बसवलं आणि व्याकरण केलं नाही म्हणून सगळ्यांदेखत अशी झापली की पोरगी खाली मान घालून हसत होती.