चोवीस तोंडं आणि एक बोट

मित्रांनो, ज्याने मला कागदावर जन्म दिला, तो चष्मेवाला रोज माझ्यासमोरून जातो आणि माझ्याच डोक्यावर चहाचा कप ठेवतो. विचारपूस तर सोडाच.

मी एक जुनी अँटेना आहे. तुमच्या छपरावरची काटकुळी नव्हे. तांब्याची, चोवीस चौकोनी तोंडांची. पलीकडच्या दालनात बांगडीसारखी पोकळ भट्टी आहे. तिच्यात सूर्यासारखा तापलेला वायू फिरतो. त्याला धरून ठेवायचं, तर त्याच्यातूनच वीज वाहावी लागते. ती वाहती ठेवणं हे माझं काम. माझ्या तोंडांतून लहरी सुटायच्या आणि वायूतल्या कणांना पुढे ढकलायच्या. माझं शिक्षण भिंतीवरच्या पाट्या वाचण्यापुरतं, पण काम चोख.

चष्मेवाल्याने मला तीन वर्षं रेखाटलं. पॉलिशवाल्या मावशींनी तोंड न् तोंड आरशासारखं घासलं. भट्टीत बसवायच्या दिवशी त्याला भरून आलं आणि त्याने उघड्या हाताने माझ्या कडेवरून बोट फिरवलं.

"साहेब, हातमोजे," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, लेकीला कुणी हातमोजे घालून कुरवाळतं का?"

"लेक भट्टीत चाललीय, सहलीला नाही. पुसू द्या मला."

"राहू द्या हो, उशीर होतोय."

बोटाचं तेल तसंच राहिलं. थोड्या जोरावर मी महिनाभर राबले. पाहुणे टाळ्या वाजवून गेले. पूर्ण जोर लावला त्या सकाळी नेमकी त्याच जागी ठिणगी पडली. नऊ तोंडं वितळली.

त्याने अहवालात लिहिलं, आकार चुकला. मावशींनी सांगून पाहिलं, तर म्हणाला, "बोटाने कुठे तांबं वितळतं का?" त्या निवृत्त झाल्या. मी कोपऱ्यात आले.

आज माझ्या शेजारी माझी नात उभी आहे. बत्तीस तोंडं, गोल कोपरे, नवा आकार. दुपारी ती भट्टीत जाणार. तिला घासणारी माणसं जेवायला गेली आहेत आणि चष्मेवाला एकटाच तिच्यापुढे उभा आहे. डोळे पाणावलेले, उजवा हात उघडा. हातमोजे माझ्या डोक्यावर, कपाशेजारी पडलेत. मला ते खालीसुद्धा पाडता येत नाहीत. उरलेल्या पंधरा तोंडांनी ओरडते आहे, त्याला एकही ऐकू येत नाही. तुम्ही तरी ऐका.

"अरे शहाण्या, आकार तुझा बरोबर होता. आधी हातमोजे घाल, मग काय माया करायची ती कर."