इस्त्रीखालचा पाव

“ही इस्त्री म्हणायची की खेळणं?” आईने मुलीच्या घरची इस्त्री हातात तोलून पाहिली आणि नाक मुरडलं. मग कागदात गुंडाळलेल्या पावावर ती टेकवून दोन्ही हातांनी असा काही भार दिला की टेबल कुरकुरलं.

मुलगी चहाचं आधण ठेवून पाहत उभी होती. घरात तवा होता, टोस्टर होता. पण साखरेचा पाव इस्त्रीखालीच व्हायला हवा असा आईचा हट्ट, आणि खरं सांगायचं तर मुलीलाही तो तसाच हवा असायचा.

आईचा जन्म एका लाँड्रीत इस्त्री करण्यात गेला होता. नवरा लवकर गेला. पोरीला शाळा सुटल्यावर कुठे ठेवायचं, म्हणून ती दुकानातच यायची. कपड्यांना आगीची भीती, तेव्हा मालकाने तिथे स्टोव्ह पेटवायला बंदी केलेली. इस्त्रीला बंदी करणं मात्र त्याच्या हातात नव्हतं. आईने डोकं लढवलं. पावाच्या दोन कापांत साखर भुरभुरायची, गठ्ठे बांधायच्या खाकी कागदात ते गुंडाळायचे आणि वर तापलेली जड इस्त्री ठेवून द्यायची. पाव पुठ्ठ्यासारखा चपटा निघायचा, कडेने विरघळलेल्या साखरेची तांबूस झालर. पोर टेबलाखाली बसून तो खायची. चारी बाजूंनी लोकांच्या चादरींची टोकं लोंबत असायची, खळीचा कोमट वास यायचा, आणि समोर आईची पावलं, या पायावरून त्या पायावर भार टाकणारी.

पुढे शिकायला बाहेर गेल्यावर, वसतिगृहातल्या पहिल्याच संध्याकाळी तिने शेजारच्या मुलीकडे पाव करायला इस्त्री मागितली आणि खोलीभर हशा पिकला. तोवर सगळ्यांचाच पाव इस्त्रीखालून येतो असं ती धरून चालली होती. सुट्टीत घरी येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती.

आज मात्र मुलीचं लक्ष पावात नव्हतं. वाचनालयातली नोकरी कायम झाल्यावर तिने हे दोन खोल्यांचं घर घेतलं होतं आणि आतली खोली आईसाठी लावली होती. पलंग, खिडकीशी खुर्ची, हाताशी येईल असा दिवा. आता फक्त विचारायचं उरलं होतं, आणि तेवढंच जमत नव्हतं. आयुष्यभर पुस्तकांत राहून माणसांची नाना तऱ्हेची बोलणी तिने वाचली होती. पण या दोघींच्या घरात तसलं काही बोलायची रीतच नव्हती. शिवाय आईचं नाही म्हणजे नाही. एकदा ते तोंडातून गेलं की पुन्हा विचारायची सोय नाही. विचारलं नाही तोवर निदान आशा तरी शाबूत होती.

आईने पाव उभ्याउभ्याच खाल्ला. बस म्हटलं तर म्हणाली, बसलं की उठवत नाही. मग हात पुसत घरभर फिरली, नळ नीट बंद केला आणि आतल्या खोलीच्या दारात थांबली.

“पाहुणे यायचेत का गं, ठमे?”

“नाही. म्हणजे... बघू.”

“बघू काय? चादर बघ ती. पाहुणा म्हणेल, लाँड्रीवालीची लेक ना ही?”

तिने चादर ओढून काढली, बाहेर टेबलावर पसरली आणि इस्त्रीला नावं ठेवत ती कडक केली. पुन्हा पलंगावर घालून कोपरे दुमडले, वरून तळवा फिरवला. शेवटी पलंगावर टेकून जरा बसली. “झोप छान लागेल,” ती म्हणाली. “जो कोण येईल त्याला.”

शब्द मुलीच्या ओठांपर्यंत आले होते. पण आईने घड्याळाकडे पाहिलं, लाँड्रीत संध्याकाळची पाळी आहे म्हणाली, आणि पायांत चपला सरकवल्या. जाता जाता बजावून गेली की पुढल्या रविवारी पाव मीच आणीन, तुझ्याकडचा फार भुसभुशीत असतो. मुलीने मनाशी ठरवलं, रविवारी विचारायचंच.

रविवार उजाडायच्या आतच, एका सकाळी आई कामावर असताना कोसळली. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तिच्या वस्तू न्यायला मुलगी दुकानात गेली. जाड एप्रन, जादा चष्मा, कामावर घालायच्या सपाता. धुलाई यंत्रावरचे काका आईच्या बरोबरीने तिथे म्हातारे झाले होते. पिशवी तिच्या हातात देऊनही ते घुटमळत राहिले.

“ताईंनी काम सोडायचं ठरवलं होतं, पोरी. तुला ठाऊक असेलच.”

तिला ठाऊक नव्हतं.

“मालकांना सांगून झालं होतं. मी विचारलं, ताई, निघालात कुठे? तर म्हणाल्या, लेकीने खोली लावलीय माझ्यासाठी. बोलत नाही तोंडाने, पण पलंग बुटका घेतलाय, माझे गुडघे धरतात म्हणून.” काकांनी नाक ओढलं. “मी म्हटलं, मग जा की सरळ. तर म्हणाल्या, आपण होऊन कसं जायचं? विचारेल की ती. तिला वेळ लागतो, लहानपणापासूनच.”

काका यंत्रातले कपडे काढायला मागे गेले. आईच्या जागी अजून कोणी लागलं नव्हतं. टेबलाची पुढची कड, जिथे तिची कंबर टेकायची तिथे, झिजून गुळगुळीत झाली होती. मुलीने पिशवी खाली ठेवली. मागे यंत्र घरघरत थांबलं.

“आई, माझ्याकडे राहायला ये,” ती म्हणाली.

आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला.

“मला काही म्हणालीस का गं?” काकांनी मागून विचारलं.

“नाही काका. आईशी बोलतेय.” मग ती पुन्हा टेबलाकडे वळली. “कायमची ये. मला एकटीला करमत नाही.”