माझं मी सांगणार

नलिनीबाई वर्षातून एकदा कणकवलीहून मुलुंडला लेकाकडे, सुबोधकडे येत. नातवंडांच्या ओढीने येतात, असं सगळे म्हणत. म्हणोत बापडे. त्या यायच्या खायला. मुंबईत दर वर्षी नवी हॉटेलं उघडणार आणि आपण गावात पेज पीत बसायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. पण चार वर्षं झाली, हॉटेल कुठलंही असो, त्यांच्यापुढे काहीतरी मऊ आणि पांढरं येई. ऑर्डर सुबोध द्यायचा, त्यांना न विचारता.

यंदा त्यांनी दारातच बजावलं, "माझं मी सांगणार. नायतर तुम्ही जावा, मी घरी बसतंय."

नव्या जपानी हॉटेलात मेन्यूकार्डच नव्हतं. टेबलावर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाला मोबाईल दाखवायचा. सुबोधने दाखवला, वाचलं आणि वेटरला सांगून मोकळा झाला, "तीन सूप. एक बिनतिखट, आईला."

"सूप तू पी. शिंकतोयस सकाळपासून."

"आई, सगळं इंग्रजीत आहे. तू काय वाचणार?"

शाळा दुसरीतच सुटलेली, तेव्हा ते खरंच होतं. नलिनीबाई उठल्या. पदर खोचला आणि लोकांच्या ताटांत डोकावत टेबलामागून टेबल हिंडू लागल्या. अक्षताने, त्यांच्या सुनेने, कपाळाला हात लावला. गावी परतण्याआधी लालबागला तीस वर्षं साठ-साठ गिरणी कामगारांची खाणावळ चालवलेली बाई. अन्न बघायचं असतं, वाचायचं कशाला?

एका मुलीच्या ताटलीत भाताच्या मुटक्यांवर केशरी मासा होता.

"काय गो, शिजवूक इसारले काय?"

"कच्चाच असतो, आजी."

"हाच," नलिनीबाई वेटरला म्हणाल्या. "माका हाच आण."

"कच्चा मासा? या वयात?" सुबोधचा आवाज चढला. "तुझ्या खाणावळीत कोणाला विचारत होतीस गं? पडेल ते खायचे सगळे."

"रांधत होतंय मी. तू काय रांधलंस रे, मोबाईल?"

ताटली आली. सहा मुटके. नलिनीबाईंनी बाजारात दाबतात तसा मासा बोटाने दाबून पाहिला. ताजा होता. तोंडात टाकला आणि त्यांना कळलं, वाट लागली. मीठ नाही, आंबट नाही, तिरफळ तर लांबच. जिभेवर नुसता थंड गिळगिळीतपणा. सुबोध टक लावून बघत होता.

"नाही ना आवडलं? सांगत होतो मी." त्याने आपलं सूप पुढे सरकवलं. "घे हे."

"नाय आवडला," नलिनीबाई म्हणाल्या. "तर? नावडायचं ते पण मीच ठरवतंय." आणि उरलेले पाचही मुटके, एकेक करत, त्याच्या डोळ्यांत बघत संपवले. पाणी प्यायल्या. मग वेटरला हाक मारली, "अरे बाबा, त्या कोपऱ्यात तव्यावर चरचरतंय ना, ते काय असेल ते आण एक."

सुबोधने सरकवलेलं सूप परत आपल्याकडे ओढलं. अक्षताने मात्र चमचा खाली ठेवला. तिचं सूप तसंच होतं, वर साय धरलेलं.

"आई, मला पण एक सांगा ना तेच."

नलिनीबाईंनी सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मी कित्याक सांगू? वेटर उभा आहे. तोंड आहे ना तुला?"

अक्षताने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग खुर्ची मागे सारून उठली आणि पलीकडच्या टेबलावरची ताटं बघायला निघाली.