नीरफणसाला टेकलेला दरवाजा

मित्रांनो, घर नसलेला दरवाजा तुम्ही कधी पाहिला आहे का? मी एक तसा जुना दरवाजा आहे. चौदा महिने मी सामोआतल्या एका किनाऱ्यावर नीरफणसाच्या झाडाला टेकून उभा होतो. माझ्यापुढे काही नव्हते आणि माझ्यामागे झाड होते. कोंबड्या माझ्या सावलीत बसत. दरवाजाच्या जन्माला येऊन मी कोणाला आत घेत नव्हतो की कोणाला बाहेर सोडत नव्हतो.

माझे लाकूड तिथल्या इफिलेले नावाच्या झाडाचे, काळसर आणि जड. सेफिनाच्या वडिलांनी तिच्या लग्नासाठी मला स्वतः रंधा मारून घडवले आणि तिचा नवरा पेनिआमिना याच्या घराला बसवले. सेफिनाचे दोन्ही हात नेहमी भरलेले असायचे, कधी अळूसारख्या तारोच्या कंदांची टोपली, कधी कडेवर मूल. मग ती पाठमोरी व्हायची आणि टाचेने मला मागे ढकलायची. तीस वर्षांत माझ्या खालच्या फळीवर तिच्या टाचेएवढी जागा गुळगुळीत झाली. मधली अकरा वर्षे पेनिआमिना न्यूझीलंडला कारखान्यात होता. तेव्हा घरात पुरुषासारखा वजनदार असा मी एकटाच होतो, असे ती हसून सांगायची. त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षे फुशारलो आहे.

मग वादळ आले. छप्पर गेले, भिंती गेल्या. मी तारोच्या वाफ्यात पालथा सापडलो. पेनिआमिनाने माझ्यावरचे खारे पाणी धुतले आणि मला झाडाला टेकवून ठेवले. दोघे त्याच्या भावाच्या घरी राहायला गेले. सेफिनाने तिथे दोन महिने काढले आणि एके सकाळी बोचके बांधले.

"परक्या छपराखाली मी आणखी किती दिवस पाय दुमडून बसू? सवाईई बेटावर बहिणीकडे जाते. आपलं दार लागलं की बोलव, त्याच्या आधी बोलवू नकोस."

जाताना तिने माझ्या खालच्या फळीवरून हात फिरवला. मी तेव्हापासून वाट पाहू लागलो.

पेनिआमिनाने लाफाएले नावाचा कंत्राटदार गाठला. हा माणूस मूळचा सुतार, हात सोन्याचा, जीभ लोण्याची. दोघांनी कागदावर सह्या केल्या. महिनाभरात जोते झाले, खांब उभे राहिले, लाल पत्र्याचे छप्पर चढले. त्या छपराकडे पाहत मी दिवस मोजू लागलो.

आता मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. कामकऱ्यांनी मला दोन पिंपांवर आडवे टाकून माझे टेबल केले होते. मला राग आला, पण त्यामुळे मला त्यांचे जेवण दिसले. कोरडी बिस्किटे आणि डब्यातली मासळी, तीही त्यांनी घरून आणलेली. आमच्या गावात घर बांधणाऱ्याला घरमालक जेवू घालतो आणि मोठ्या सुताराला पहिला वाटा देतो. पेनिआमिनाला हे आठवतसुद्धा नव्हते. कारखान्यात अकरा वर्षे त्याने आपापला डबा खाल्ला होता. दुपारी तो येई, छपराकडे पाही, "झकास," म्हणे आणि भावाकडे जेवायला जाई. एके दिवशी लाफाएलेने शेवटचे बिस्किट कोंबड्यांना चुरून टाकले आणि हत्यारे गाडीत भरली. मला त्यांनी पुन्हा झाडाला टेकवले. भांडण नाही, शब्द नाही.

त्यानंतर फोन सुरू झाले. पेनिआमिना माझ्या शेजारी दगडावर बसून बोलायचा.

"लाफाएले, सोमवार होऊन गेला."

"काका, काय करू, आत्या वारली."

"आत्या मागच्या महिन्यात वारली ना?"

"ती थोरली. ही धाकटी."

"आणि त्याच्या आधीची?"

"ती सासरकडची. सोमवारी नक्की येतो, काका."

पावसाळ्यापर्यंत त्याच्या इतक्या आत्या वारल्या, की त्याच्या आजोबांचे मला कौतुक वाटू लागले. सिमेंटची पोती पावसात दगड झाली. पेनिआमिनाने त्याच्या अंगणात जाऊन कागद नाचवला. लाफाएलेने तो कागद दोन्ही हातांनी आदराने घेतला, वाचला, परत दिला आणि म्हणाला, "सोमवारी."

मग पेनिआमिनाने आतोनिओ या दुसऱ्या सुताराला आणले. आतोनिओने खांबांवरून हात फिरवला, माझी चौकट बसायची ती जागा मापली. माझ्या जिवात जीव आला. पण त्याने टेप गुंडाळून खिशात टाकली.

"हे लाफाएलेचं काम आहे. त्याने सोडलंय असं तो तोंडाने म्हणाला, तरच मी हातोडा उचलेन. नाहीतर उद्या मला गावात कोणी सुतार म्हणणार नाही."

लाफाएले सोडलेही म्हणत नव्हता आणि येतही नव्हता.

संध्याकाळी सेफिनाचा फोन यायचा.

"लागलं का दार?"

"सोमवारी लागतंय."

"तूही त्या लाफाएलेसारखा बोलायला लागलास."

फोन ठेवल्यावर तो माझ्या फळीला डोके टेकून बसायचा. तिच्याशिवाय त्याला करमत नव्हते आणि मलाही. त्याला निदान तिच्याशी बोलता तरी यायचे. मला पाय नव्हते, तोंड नव्हते. असते तर मी पहिल्याच दिवशी ओरडून सांगितले असते, बाबा रे, त्यांना जेवू घाल.

चौदाव्या महिन्यात एकदा तिने सहज विचारले, "कामकऱ्यांना तू खायला काय घालायचास?"

"मी कशाला घालू? करार झालाय ना."



"देवा रे," ती म्हणाली. "आणि मी वर्षभर बहिणीचे टोमणे खात बसले."

शनिवारच्या बोटीने ती आली. माझ्याकडे तिने वळूनही पाहिले नाही, आणि ते मला फार लागले. रविवारी पहाटे तिने तापल्या दगडांवर नीरफणस, नारळाच्या दुधातली तारोची पाने आणि एक मोठा मासा भाजला. चर्च सुटल्यावर तिने सगळे दोन टोपल्यांत भरले, त्या काठीच्या दोन टोकांना अडकवल्या आणि काठी नवऱ्याच्या खांद्यावर ठेवली.

"लाफाएलेकडे तूच घेऊन जा. माशाचं डोकं त्याच्या हातात दे, बायकोच्या नको."

तासाभराने तो रिकाम्या टोपल्या घेऊन परत आला.

"काय म्हणाला?"

"काही नाही. पोटभर जेवला. म्हणाला, सोमवारी येतो."

दोघांनीही कपाळाला हात लावला. सोमवारी कोणी वाट पाहिली नाही. आणि सोमवारीच गाडी आली.

सेफिना कोकोचे पातेले घेऊन समोर गेली. लाफाएले मान खाली घालून म्हणाला, "मावशी, कागदावर सगळं लिहिलं होतं. आम्हाला भूक लागते, तेवढं लिहायचं राहिलं."

"आणि तुला तोंड नव्हतं? चांगल्या आत्या मारत बसलास." तिने कप त्याच्या हातात दिला. "पी आधी."

गुरुवारी मी उभा राहिलो. माझ्या बिजागऱ्यांवर माझे वजन आले, तेव्हा मला रडू फुटले असते. लाफाएले मात्र शेवटी लाफाएलेच. घाईघाईत त्याने मला वाकडा बसवला आणि माझा खालचा कोपरा जमिनीला घासू लागला. खिडक्यांच्या काचा तर अजून यायच्या आहेत, सोमवारी.

"बोलावतो त्याला, रंधा मारून जाईल," पेनिआमिना म्हणाला.

"नको," सेफिना म्हणाली. "राहू दे तसंच."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्यासाठी कोणी हातोडा उचलला, तर त्याला आधी जेवलास का, असे विचारा. आणि तुम्ही रुसलात, तर कशासाठी ते सांगून टाका. तुमच्या अबोल्यात कोणीतरी झाडाला टेकून उभे असते.

आता संध्याकाळ झाली आहे. मी घट्ट अडकलो आहे, हाताने ढकलून उघडणार नाही. सेफिना तारोची टोपली घेऊन पायऱ्या चढते आहे. तिचे दोन्ही हात भरलेले आहेत. ती पाठमोरी होते आहे.