हरिहर सरांचं गारेगार समाधान

अकोल्याच्या जठारपेठेत राहणारे हरिहर सर तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञांचं वेड लागलं आणि ते कमालीचे समाधानी झाले. जे आपल्या हातात नाही त्याचा विचार सोडा, एवढा सोपा मंत्र. मग हातात नसलेल्या गोष्टी सरांनी सवडीने वाढवत नेल्या. ऊन, महागाई, इथपर्यंत ठीक होतं. पुढे त्यात दळण आलं, गॅसचं सिलिंडर आलं, आणि कूलरमध्ये रोज ओतायचं पाणीही आलं.

दर रविवारी त्यांच्या बैठकीत निवृत्त मंडळींचा वर्ग भरे. अर्थपूर्ण काम हेच खरं सुख, असं सर कूलरच्या वाऱ्यात बसून सांगत. तो कूलर भरणाऱ्या त्यांच्या पत्नी, अनुपमाताई, चहा देऊन दाराशी ऐकत उभ्या राहत. वर्गात मनापासून ऐकणारं माणूस तेवढं एकच होतं. सरांच्या ते ध्यानात आलं नाही.

एका सकाळी ताईंनी आपल्या शिलाई मशीनवरचा सरांच्या ग्रंथांचा ढीग उचलून फरशीवर ठेवला. कित्येक वर्षं ते मशीन म्हणजे ग्रंथांचं टेबल होतं. अमरावतीच्या एका मूकबधिर मुलींच्या वसतिगृहाला शिवण शिकवायला बाई हव्या होत्या. ताईंनी परस्पर होकार कळवला होता, राहायचं तिथेच. सर हादरले. या वयात कशाला, घराचं काय, लोक काय म्हणतील, सगळं विचारून झालं. आवाज आधी चढला, मग रडवेला झाला.

"माहं जाणं तुमच्या हातात नाई," ताई म्हणाल्या. "तुमीच तर शिकवलं. मंग तरास काहून करून घेऊन राहिले?"

त्या गेल्या आणि सरांना घर खायला उठलं. आठवण फार यायची, चहाच्या वेळी जरा जास्तच.

रविवारी वर्ग होता, म्हणून सरांनी नळाची नळी कूलरमध्ये सोडली आणि मनाच्या अविचल शांतीवर टिपणं काढत बसले. टाकी भरली, वाहिली, फरशीवरचे सगळे स्टोइक भिजले. सर असे किंचाळले की शेजारच्या माणिकबाई लाटणं घेऊन धावत आल्या.

सरांनी अमरावतीला फोन लावला. आयुष्यभराची पुस्तकं गेली म्हणून ते अक्षरशः रडले. पलीकडे मशीन चालू होतं, मुली हसत होत्या.

"गच्चीवर वाळत घाला," ताई म्हणाल्या. "ऊन काई कमी नाई अकोल्यात." आणि त्यांनी फोन ठेवला, कारण एका मुलीने बाही उलटी जोडली होती.

पुस्तकं गच्चीवर पसरून सर खाली आले तेव्हा शिष्यमंडळी दारात होती. कूलर बंद, चहा नाही, बैठकीत घोट्यापर्यंत पाणी. फरशी पुसायला जरा मदत करता का, असं सरांनी विचारलं. मंडळी शांतपणे एकमेकांकडे बघत, हे काही आपल्या हातात नाही म्हणाली, आणि घरी गेली. शिष्य पक्के तयार झाले होते.

सरांनी धोतर खोचलं आणि पोछा स्वतःच पिळला.