पाय हलला
वैद्यबाई काय म्हणाल्या ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तेल कोमट, तेही फक्त खांद्यांना आणि हातांना. छातीखाली शेक अजिबात नको, तिथे धाकट्याला काही कळत नाही. आणि इस्पितळातले व्यायाम बंद करायचे नाहीत. आईने मान डोलावली. आमची आई मुकाट्याने मान डोलावते तेव्हा खुशाल समजावं, तिचं दुसरंच काहीतरी ठरलंय.

माझा धाकटा भाऊ बांधकामावर परांचीवरून पडला, मानेशी मज्जारज्जूला मार लागला. तेव्हापासून बाहेरच्या खोलीत त्याचा पलंग. हात थोडेफार चालतात, छातीखाली सगळं गप्प.

"जे चालतंय त्याला तेल, आणि जे बंद पडलंय ते कोरडं? हा कुठला न्याय?" बाईंची पाठ वळताच आई म्हणाली.

"त्या शिकल्यात ना त्यातलं."

"आणि मी? मी आई आहे त्याची."

घ्या. आईपणापुढे वैद्यकी फिकी!

दुसऱ्या दिवशी मी दुपारीच कामावरून परतले, तर घरभर शेकलेल्या पाल्याचा वास. तव्यावर एक पुरचुंडी तापत होती. आई दुसरी त्याच्या पोटरीवर दाबून धरत होती.

"चटका बसतो का रे?"

"नाही गं."

म्हणून ती आणखी तापवत होती. अहो, ज्याला कळत नाही त्यालाच विचारायचं! माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत त्याचा पाय उडाला. गुडघ्यातून वर आला आणि थरथरत खाली पडला.

"हलला," आई रडायलाच लागली. "बघितलंस ना? हलला."

धाकटा हसत होता. पडल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझंही मन म्हणालं, देवा, हे खरं असू दे.

"आई, अजून एकदा," तो म्हणाला. आई तव्याकडे धावली.

मग मला त्याचा चेहरा दिसला. लालबुंद, कपाळावरून घामाच्या धारा. "डोकं फुटतंय ताई. पण चालेल."

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं: डोकं असं दुखलं की समजा, खाली त्याला न कळणारी इजा होतेय. रक्तदाब चढून जीव जाऊ शकतो. आणि पाय आपसूक उडतो, त्याला हालचाल समजू नका.

मी त्याला उठवून बसवलं, रुग्णवाहिकेला फोन केला, मग पाय वळवून पाहिला. पोटरीची कातडी सुटून आली होती.

आई दुसरी पुरचुंडी घेऊन आली आणि ते बघून जागीच खाली बसली.

"आई, थांबलीस का?" धाकटा म्हणाला. "लाव ना. मी चालणार आहे."